तिखट बंद

नोकरीत सर्वात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. "तिखट बंद करा." एकतीस वर्षं मी सरकारी दवाखान्याच्या औषध-खिडकीत बसलो. आधी अहेरीकडे, मग बदली होऊन सिंदेवाही तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. कागदोपत्री हुद्दा औषधनिर्माण अधिकारी. निर्माण मी आयुष्यात काहीच केलं नाही, खोक्यांतून आलेल्या गोळ्या वाटल्या. लोकांनी ठेवलेलं नाव जास्त बरोबर होतं, गोळीवाले भाऊ.

मिरचीच्या फायद्या-तोट्यांवर लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा हसूच आलं. मिरचीबद्दल मी हजारो लोकांना सल्ला दिला आहे आणि त्यातला बराचसा विचार न करता दिला आहे. फायदे-तोटे सांगतो, पण त्याआधी खिडकी समजून घ्यावी लागेल.

पेशंटला डॉक्टर आतल्या खोलीत तपासतात आणि चिठ्ठी लिहितात. ती चिठ्ठी घेऊन माणूस माझ्याकडे येतो. खिडकीला जाळी, जाळीला हात जाईल एवढी फट. मी स्टुलावर, माणूस बाहेर उभा, त्यामुळे मला बहुतेक वेळा फक्त कोपरापर्यंतचा हात दिसायचा. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत चिखलानं बोटांच्या बेचक्या खाल्लेले हात यायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये लालबुंद, सुजलेले हात यायचे, ते मिरचीचे. एका हाताच्या वाट्याला अर्धं मिनिट. तेवढ्यात चिठ्ठी वाचायची, गोळ्यांचा पत्ता कातरायचा, पाकिटात घालायचा, कशी घ्यायची ते सांगायचं आणि "चला, पुढचा" म्हणायचं.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी पाकिटावर खुणा काढायचो. सकाळच्या गोळीला उगवता सूर्य, दुपारच्या गोळीला पूर्ण सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्रकोर. तालुक्याच्या बैठकीत या खुणांचं कौतुक झालं होतं आणि मी महिनाभर हवेत होतो.

आता मिरची. आमच्या झाडीपट्टीत ताट म्हणजे भाताचा ढीग आणि त्याच्या कडेला काहीतरी लाल किंवा हिरवं. पुण्याकडचा माणूस त्याला तोंडी लावणं म्हणेल. आमच्याकडे पुष्कळ घरांत तीच भाजी असते. वाळल्या झिंग्यांची चटणी, मिरचीचा ठेचा, नाहीतर नुसतं तिखट-मीठ आणि तेलाचा थेंब. तिखटानं तोंडाला पाणी सुटतं, भूक खवळते आणि भात घशाखाली उतरतो. मिरचीचा पहिला फायदा हाच. दुसरा फायदा कच्च्या हिरव्या मिरचीचा. तिच्यात क जीवनसत्त्व चांगलं असतं आणि त्यामुळे अन्नातलं लोह अंगी लागायला थोडी मदत होते. वाळवल्यावर ते बरंचसं उडून जातं. सर्दीत नाक मोकळं होतं ते निराळंच, पण त्यासाठी शास्त्राची गरज नाही, जेवताना रुमाल जवळ असला की पुरे.

तोट्यांचं शिक्षण मला एका एसटी कंडक्टरनं दिलं. अहेरी-गडचिरोली फेरीवरचा माणूस, दिवसभर खडखडाटात उभा आणि मूळव्याधीनं हैराण. गाडी थांबली की तो मलम न्यायला खिडकीशी हजर. मी म्हणायचो, तिखट बंद करा. तो म्हणायचा, हाव. आठवड्यानं पुन्हा हजर. एकदा मी चिडलो.

"तुमी मिरची सोडली नाई ना?"

"सोडली होती भाऊ, चार दिवस. तोंडातली सोडली, पण मागची जलन नाई सोडून राहिली. मंग म्हटलं, दोन्हीकडून काऊन तरास घ्याचा?"

रांग खो-खो हसली. पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. मूळव्याध त्याला मिरचीनं दिली नव्हती. पाणी पिणं नाही, भाजीपाला नाही, तासन्‌तास एका जागी, म्हणून ती झाली होती. मिरची आतड्यांत पूर्ण पचत नाही, जाताना पुन्हा झोंबते, म्हणजे आधीच्या दुखण्याला ती डिवचते. एवढा फरक मला कंडक्टरनं शिकवला आणि मी तो लगेच विसरलो. कारण विसरणं सोयीचं होतं. "तिखट बंद करा" म्हणायला दोन सेकंद लागतात. बाकीचं सांगायला दहा मिनिटं.

पुढे सिंदेवाहीकडच्या केंद्रावर एक तरुण डॉक्टर मॅडम आल्या, कोकणातल्या. पहिल्याच आठवड्यात आमच्या सिस्टरच्या डब्यातली झिंग्याची चटणी त्यांनी चमचाभर तोंडात टाकली आणि डोळ्यांतून धारा. घटाघटा पाणी प्यायल्या, तरी आग वाढतच गेली. मी चहासाठी आणलेल्या दुधाचा पेला पुढे केला. मिरचीतलं जे झोंबतं ते पाण्यात विरघळत नाही, पाण्यानं उलट तोंडभर पसरतं. दूध, दही, निदान तेलाचं बोट लावलेला भात, यांनी ते निघतं. हाताची आग व्हायला लागली तर आधी तेल चोळायचं आणि मग साबण, पाणी शेवटी. आणि तो हात डोळ्याला लावायचा नाही. पेला रिकामा करून मॅडम म्हणाल्या, "भाऊ, माझी जीभ भाजली का हो?"

"नाही मॅडम. भाजल्यासारखं नसांना वाटतं. जीभ शाबूत आहे."

"मग तुम्ही पोटदुखीच्या प्रत्येक पेशंटला तिखट बंद का सांगता? मी चिठ्ठीवर तसं लिहीत नाही."

मी म्हणालो, सवय. त्यांनी विषय सोडून दिला.

त्याच वर्षी वच्छलाबाई आल्या. चार किलोमीटरवरच्या गावातलं ढिवर कुटुंब. नवरा तलावात जाळं टाकायचा, घरी म्हातारी सासू. पावसाळ्यात बाई रोवण्याला जायच्या आणि जानेवारीपासून मिरचीच्या सातऱ्यावर. सातरा म्हणजे मांडव घातलेलं मोठं आवार. ट्रकनं वाळलेली लाल मिरची येते, बाया ओळीनं मांडी घालून बसतात आणि एकेका मिरचीचा देठ खुडतात. सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत. नाकातोंडाला फडकं, तरी खोकला. कंबर आणि गुडघे धरतात ते वेगळं.

वच्छलाबाईंची कंबर धरली होती. मॅडमनी दुखऱ्या कमरेची गोळी पाच दिवस लिहून दिली, डायक्लोफिनॅक, सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. मी पाकिटावर सूर्य काढला, चंद्रकोर काढली. "जेवणानंतर" साठी माझ्याकडे खूणच नव्हती. तोंडानं सांगितलं असेल. असेल म्हणतो, कारण खात्री नाही.

गोळीनं आराम पडला. पाच दिवसांनी त्या थेट खिडकीशी आल्या. "भाऊ, तेच गोरी द्या ना, डॉक्टरीन बाईकडे लय रांग हाय, सातऱ्यावर जावाचं हाय." मी दिली. चिठ्ठीशिवाय गोळी द्यायची नसते, हे मला माहीत होतं. पण ओळखीचा हात, ओळखीचं दुखणं, बाईची मजुरी बुडायला नको. तेव्हा मला ती दया वाटली होती. मग मी पुन्हा दिली आणि पुन्हा दिली.

दीड महिन्यानं त्या आल्या तेव्हा हात फटीतून आत आला नाही. फटीशी वाकून त्यांनी तोंड दाखवलं. "भाऊ, छातीच्या खाली आग पडते. जेवलं का थोडं थांबते, मंग पुन्हा."

दिवसभर मिरचीत बसणारी, मिरचीच खाणारी बाई. निदान करायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. "बाई, तिखट बंद करा. एकदम बंद." आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या. कमरेची गोळी मागितली तीही दिली. एकाच पाकिटात.

वच्छलाबाईंनी तिखट खरंच बंद केलं. हे लिहितानाही मला वाईट वाटतं. हजारो लोकांना ते वाक्य ऐकवलं, पाळलं मोजक्यांनी, आणि पाळणाऱ्यांत नेमक्या या होत्या.

महिनाभरानं गावात रक्ततपासणीचं शिबिर झालं. त्यांचं रक्त फार कमी निघालं. आमच्या भागात बायांचं रक्त कमी निघणं नवीन नाही, लोहाच्या गोळ्या द्यायचं ठरलेलं असतं. त्या मीच दिल्या आणि नेहमीप्रमाणे बजावलं, "ह्या गोळीनं संडास काळी होते. भिऊ नका." हे खरंच आहे. लोहाच्या गोळीनं होतेच. लोक घाबरून गोळ्या फेकून देतात म्हणून आम्ही ते आधीच सांगतो.

एप्रिलमधल्या एका दुपारी सातऱ्याच्या मुकादमानं त्यांना गाडीत घालून आणलं. खुडता खुडता ओळीतच कलंडल्या होत्या. ओठ पांढरे, अंग थंड, नाडी धावत होती. मुकादम सांगत होता, "चोरून तिखट खात असन मॅडम, दुसरं का होणार?" तेवढ्यात नवरा, दादाराव, सायकल फेकून आत आला.

"खोटं हाय! तिनं दोन महिन्यात मिरचीले हात नाई लावला." मग त्याचं बोलणं त्यालाच विचित्र वाटलं. "म्हणजे हात त दिवसभर मिरचीतच रायते. पण तोंडात नाई टाकली. भाऊनं सांगतलं होतं."

मॅडमनी वच्छलाबाईंच्या कानाशी विचारलं, "संडास काळी होते का?"

"हाव," त्या पुटपुटल्या. "ते लोहाच्या गोरीनं. भाऊ म्हणे, भिऊ नका."

"लोहाची गोळी रोज घेता?"

"नाई. कोरड्या होत होत्या, म्हून सोडल्या. पंधरा दिवस झाले."

कोरड्या म्हणजे ओकाऱ्या. मॅडम सरळ उभ्या राहिल्या. गोळ्या पंधरा दिवस बंद आणि संडास अजून काळी. दादारावला विचारलं तर म्हणाला, डांबरासारखी, चिकट. म्हणजे ते लोह नव्हतं. पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जात होतं. आणि मी बाईला सांगून ठेवलं होतं, की घाबरायचं नाही.

"आणखी कोणती गोळी घेत होत्या?" मॅडमनी विचारलं. वच्छलाबाईंनी कमरेची पिशवी उघडली. आत माझी पाकिटं होती, घडी घालून ठेवलेली, प्रत्येकावर सुबक उगवता सूर्य. त्या पहाटे उठून काळ्या चहाबरोबर गोळी घ्यायच्या, म्हणजे सातऱ्यावर कंबर दम धरेल. पहिला घास दुपारी एकला. तीन महिन्यांच्या वर, रिकाम्या पोटी.

"ह्या तुम्ही दिल्यात?" मॅडमनी मला विचारलं.

"हो."

त्यांनी सलाईन लावलं, रुग्णवाहिका बोलावली, आणि वच्छलाबाई चंद्रपूरला गेल्या.

मी खिडकीत जाऊन बसलो. बाहेर रांग होतीच. पहिल्याच हातानं सांगितलं, "भाऊ, पोटात जलन होते." तो हात मी परत मॅडमकडे पाठवला. बाई मेली तर ती मिरचीनं मेली असं सगळं गाव म्हणेल, आणि तसं नाही हे माहीत असलेली माणसं दोनच असतील, या विचारानं मला भीती वाटली. खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही. दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमनी फोन लावला. रक्त चढवलं होतं, दुर्बीण घालून पाहिलं होतं, जठरात जखम होती, रक्त थांबलं होतं. बाई जगल्या.

जे तेव्हा समजलं ते इथं सरळ सांगून टाकतो. पोटातली जखम बहुतेक वेळा दोन कारणांनी होते. एक, जठरात घर करून राहणारा जंतू. दोन, दुखण्यावरच्या गोळ्या, त्यातही रिकाम्या पोटी आणि दिवसेंदिवस. मिरचीनं ती होते असं नाही. झालेल्या जखमेवर, आंबट ढेकरांच्या त्रासात, मूळव्याधीत मिरची झोंबते, तेव्हा ती कमी करावी, जखम भरेपर्यंत टाळावी. उपाशीपोटी पैजा लावून खाऊ नये. पण आग होते म्हणून मिरचीला फासावर देऊन मोकळं होऊ नये. कारण विचारावं. आणि काळी, चिकट संडास झाली तर कोण्या गोळीवाल्या भाऊचं ऐकून घरी बसू नये.

नंतर मी पाकिटावर ताट काढायला लागलो. चिठ्ठीशिवाय पत्ता कातरणं बंद केलं, त्यावरून शिव्याही खाल्ल्या. पण वच्छलाबाई परत आल्या तो दिवस सांगायचा राहिलाच.

महिन्याभरानं आल्या. हात फटीतून आला, हातात चंद्रपूरची चिठ्ठी. मी चिठ्ठी घेतली नाही. खिडकी लावली, दारानं वळसा घालून बाहेर ओट्यावर गेलो. रांग कुरकुरली. बाई वाळून गेल्या होत्या, पण ओठांना रंग होता. त्यांना बाकावर बसवलं आणि मी समोर उभा राहिलो.

"बाई, तुमाले मिरचीनं काही झालं नव्हतं."

"मंग?"

"कमरेच्या गोळीनं झालं. जंतूही होता म्हणतात, पण गोळी मी दिली होती. चिठ्ठी नसताना दिली. आणि उपाशीपोटी घेऊ नका, हे नीट सांगितलं नाही. चूक माझी आहे."

त्या रागावतील, असं वाटलं होतं. दादारावला घेऊन येतील, तक्रार करतील. मी त्याचीही तयारी केली होती. त्यांनी वेगळंच विचारलं.

"म्हणजे मिरची खाल्ली असती त चाललं असतं?"

"जखमेले झोंबली असती. कमी खावी लागली असती. पण एकदम बंद करायची गरज नव्हती."

"हं," त्या म्हणाल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत सांगू लागल्या.

"माही सासू लय तिखटखाऊ. दात नव्हते, तरी चटणीबिगर घास नाई. तुमी मले बंद सांगतलं त तिनंही बंद केलं. म्हणे, सून बिनतिखटाचं खाते आन मी बुढी तिच्या समोर चटणी खाऊ? मी म्हटलं, खा ना माय, मले का होते? नाई आयकलं. मिठासंगं भात गिळे. सातऱ्यावरून मी घरी आली का माह्या लुगड्याले मिरचीचा वास राहे. मले जवळ बसवे, पदर नाकाशी धरे आन तसा भात खाये."

मी विचारलं, "आता खातात ना तिखट?"

"मी चंद्रपुरात होती तवा गेली ती. वय झालं होतं, भाऊ. तुमच्यानं नाई गेली. पण बिनतिखटाचं खाऊनच गेली. तेरवीले पानावर मी दोन हिरव्या मिरच्या ठेवल्या. चांगल्या मोठ्या पाहून ठेवल्या."

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, खिडकी उघडता का नाई?" मी जागचा हललो नाही. वच्छलाबाईंनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, "सांगा आता. कोणती जेवनाच्या आंधी, कोणती मंग."

मी सांगितलं. त्यांनी ते मला तीनदा सांगायला लावलं.